बाथरूम नवं करताय? ‘आठ दिवसांत होतंय’ यावर तारीख ठरवू नका

जुनी मोरी किंवा पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेलं बाथरूम-संडास पाडून नवं करायचं काम सध्या गावागावात निघतंय. कारणंही बहुतेक तीच असतात. घरात लग्न ठरलंय. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे. आईचे गुडघे गेलेत, तिला खाली बसता येत नाही म्हणून कमोड बसवायचाय. मिस्त्रीला विचारलं की तो जागेवर उभा राहून सांगतो, “काय नाय, आठ-नऊ दिवसांत होतंय.” त्या भरवशावर आपण घरातलं एकुलतं एक बाथरूम फोडून मोकळे होतो.

पंधराव्या दिवशी काय चित्र असतं? भिंतीतून पाइप बाहेर आलेत, फरशीचे बॉक्स ओट्यावर पडलेत, मिस्त्री दुसऱ्या गावाला गेलाय, अन् घरातल्या बायका पहाटे अंधारात शेजाऱ्यांचं दार वाजवतायत. त्यात पाहुणे चार दिवसांवर आलेले. मग घाई होते, ओल्या कोब्यावरच फरशी बसते आणि वर्षभरात शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते.

हे टाळायचं असेल तर काम सुरू करण्याआधी दिवसांचा हिशेब नीट मांडायला हवा.

मिस्त्रीचे दिवस वेगळे, सिमेंटचे दिवस वेगळे

मिस्त्री खोटं बोलत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्या. तो फक्त स्वतःच्या हाताचे दिवस मोजतो. तोडफोड दोन दिवस, प्लास्टर आणि कोबा दोन दिवस, फरशी चार दिवस, सांधे भरायला एक दिवस. झाले नऊ दिवस. त्याचा हिशेब बरोबरच आहे.

पण तुमच्या घराला तीन प्रकारचे दिवस लागतात:

१. कारागिरांचे दिवस – मिस्त्री, प्लंबर, वायरमन प्रत्यक्ष काम करतात ते.

२. सिमेंटचे दिवस – प्लास्टर आणि कोब्याला पाणी मारायचे, कोटिंग वाळायचे, पाणी भरून तपासायचे दिवस. या दिवसांत काम बंद दिसतं, पण खरं काम आत चालू असतं.

३. खाड्याचे दिवस – बाजाराचा दिवस, जत्रा, मयत, लाईट गेली, मिस्त्रीच्या घरचं काम, दुकानातून चुकीचा माल आला, असे.

पहिला प्रकार सगळेच मोजतात, दुसरा अर्धवट मोजला जातो आणि तिसरा कुणीच धरत नाही. तिन्ही मोजले तर साध्या ६ बाय ४ फुटांच्या बाथरूमला प्रत्यक्ष कामाचे चार आठवडे लागतात. खाडे धरून साडेपाच आठवडे हातात ठेवावेत. त्याआधी सामान जमवायला पंधरा दिवस वेगळे.

दिवसांचा हिशेब असा मांडा

तळमजल्यावरचं बाथरूम, जुनं सगळं काढून नवे पाइप, नवी फरशी, नवा कमोड, असं पूर्ण काम धरलं तर साधारण क्रम असा येतो:

दिवस १ आणि २ : तोडफोड. आधी पाण्याचा कॉक आणि विजेचा पुरवठा बंद करा. संडासाच्या पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घाला, नाहीतर डबर आत जाऊन पाइप चोंदतो आणि ते शेवटच्या दिवशी कळतं. राडारोडा उचलायला ट्रॉली कुणाची, टाकायचा कुठं, हे आधीच ठरवा.

दिवस ३ आणि ४ : पाइप आणि वायर. भिंतीला खाचा मारून पाण्याचे पाइप, खाली सांडपाण्याचे पाइप, न्हाणी ट्रॅप आणि चेंबरपर्यंतचा उतार. याच वेळी वायरमनला बोलवून वायरच्या नळ्या टाकून घ्या. गिझर आज घ्यायचा नसला तरी त्याचा स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग आत्ताच करून घ्या. नंतर त्यासाठी नवी फरशी फोडावी लागते.

दिवस ५ : पाइप तपासणी. पाइपचं सोल्यूशन वाळायला एक दिवस द्या. मग सगळी तोंडं प्लगने बंद करून टाकी भरून लाइन चालू करा आणि रात्रभर तशीच ठेवा. प्लंबरकडे दाब तपासायचा हातपंप असेल तर उत्तम. सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर सांधा बदला. हा एक दिवस वाचवायला गेलेल्या घरात पुढं भिंत फोडावी लागते.

दिवस ६ आणि ७ : खाचा बुजवणं, प्लास्टर, खालचा कोबा. उतार याच वेळी ठरतो. चार फुटांना साधारण अर्धा ते पाऊण इंच उतार न्हाणी ट्रॅपकडे असावा. बादलीभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात साचता कामा नये.

दिवस ८ ते १४ : पाणी मारणं. हे सात दिवस सगळ्यात जास्त चोरले जातात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा लागतो. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल, किंवा ऊन कडक असेल, तर दहा दिवस द्यावेत. गोणीवर ‘पीपीसी’ लिहिलेलं असतं आणि गावातल्या दुकानात बहुतेक तेच मिळतं. तसं असेल तर पुढचे सगळे दिवस तीनने पुढं सरकवा.

इथं एक गैरसमज काढून टाका. सिमेंट ‘वाळतं’ म्हणून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. पाणी लवकर उडून गेलं तर ती क्रिया अर्धवट राहते, प्लास्टर भुसभुशीत होतं आणि केसासारखे तडे जातात. त्याच तड्यांतून पुढं ओल शिरते. दिवसातून तीन वेळा पाणी मारा, उन्हाळ्यात भिंतीला ओलं गोणपाट लावा. मिस्त्री यासाठी येणार नाही, हे काम घरातल्या कुणाच्या तरी नावावर करून टाका.

दिवस १५ आणि १६ : वॉटरप्रूफिंग. पृष्ठभाग झाडून, डब्यावर लिहिलं असेल तसा कोरडा किंवा किंचित ओलसर ठेवून दोन हात द्यायचे. पहिला हात आडवा, दुसरा उभा. दोन हातांमध्ये किती तास थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. खाली पूर्ण जमीन आणि भिंतीला निदान एक फूट वरपर्यंत घ्या. नळाच्या आणि अंघोळीच्या बाजूला आणखी वर. पाइप जिथं जमिनीतून बाहेर येतो त्या गोल कडेला जास्त लक्ष द्या, गळती बहुतेक तिथूनच होते.

दिवस १७ : वाळू द्या. कुणीही आत पाय टाकायचा नाही.

दिवस १८ आणि १९ : पाणी भरून ठेवणं. न्हाणी ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, उंबऱ्याशी मालाची छोटी आळी घाला आणि दोन इंच पाणी भरा. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. ४८ तास ठेवा. उन्हाने पाणी थोडं उतरतं, ते चालतं. पण पाणी भराभर उतरत असेल, किंवा बाहेरच्या भिंतीला ओल दिसली, तर गळती आहे. बाथरूम वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या छताचा फोटो आधी आणि नंतर काढून ठेवा. ही तपासणी झाल्याशिवाय फरशी लावू देऊ नका.

दिवस २० ते २३ : फरशी. आधी भिंती, मग जमीन. जमिनीला खडबडीत, पाय न घसरणारीच फरशी घ्या. घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर यात तडजोड नको.

दिवस २४ : पाय टाकायचा नाही. बसवलेली फरशी निदान एक दिवस जागची हलता कामा नये.

दिवस २५ : सांधे भरणं. त्याआधी नाण्याने प्रत्येक फरशी वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर तिच्याखाली माल भरलेला नाही. ती आत्ताच काढून घ्या, सांधे भरल्यावर मिस्त्री ऐकत नाही.

दिवस २६ आणि २७ : फिटिंग. कमोड, बेसिन, नळ, गिझर, दरवाजा, दिवा, हवा बाहेर टाकणारा पंखा. आईसाठी काम करत असाल तर कमोडशेजारी धरायला स्टीलचा दांडा लावा आणि तो खिळ्यावर नाही, नीट बोल्टने पक्का करा.

दिवस २८ : सिलिकॉन वाळणं, सफाई, चालवून बघणं. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश चार-पाच वेळा करा, बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून पाणी नीट जातंय का बघा.

यात सलग काही झालं नाही असं होत नाही. म्हणून २८ वर निदान दहा दिवस खाड्याचे धरा. एकूण ३८ दिवस.

तारीख उलटी मोजा

समजा घरात १० मेला लग्न आहे. पाहुणे आठवडाभर आधीपासून येणार, म्हणजे बाथरूम २ मेला वापरात हवं. तिथून ३८ दिवस मागं जा. तारीख येते २५ मार्च. म्हणजे २५ मार्चला पहिला हातोडा पडायला हवा. सामान जमवायला त्याआधी पंधरा दिवस, म्हणजे १० मार्च. लग्नाच्या बरोबर दोन महिने आधी तुम्ही तालुक्याच्या दुकानात उभे असायला हवेत. मधे गावची जत्रा असेल तर तेही दिवस वाढवा.

हा हिशेब केल्यावर कळलं की आता वेळ कमी आहे, तर सरळ दोनपैकी एक करा. एकतर पूर्ण काम लग्नानंतर काढा आणि आता फक्त नळ, दरवाजा, रंग एवढंच करा. नाहीतर कमोडपुरतं काम करा. पण पूर्ण काम अर्ध्या दिवसांत बसवायला जाऊ नका. बाळंतपणाचंही तसंच. लेक सातव्या महिन्यात येणार असेल तर काम पाचव्या महिन्यात सुरू झालेलं असावं. ती घरात आल्यावर सिमेंटची धूळ, उघडे खड्डे आणि शेजारी जायची वेळ तिच्यावर आणायची नाही.

सामान दारात, मगच हातोडा

निम्मे खाडे सामानामुळे होतात. जुनं बाथरूम फोडण्याआधी खालच्या गोष्टी घरात आलेल्या असाव्यात:

- कमोड. आधी जुन्या पाइपचं तोंड बघा. ते जमिनीत आहे की भिंतीत? जमिनीत असेल तर मागच्या भिंतीपासून तोंडाच्या मध्यापर्यंत इंच मोजा आणि फोटो काढून दुकानदाराला दाखवा. जमिनीतल्या पाइपला ‘एस ट्रॅप’ आणि भिंतीतल्याला ‘पी ट्रॅप’ कमोड लागतो. चुकीचा आला की बदलून आणण्यात चार-आठ दिवस जातात.
- भिंतीत बसणारे नळ. गरम-गार पाण्याचा एकत्र नळ असेल तर त्याचा अर्धा भाग प्लास्टरच्या आत जातो. तो फिटिंगच्या वेळी आणून उपयोग नाही, चौथ्या दिवशी हवा.
- फरशी. ६ बाय ४ च्या बाथरूमला सात फूट उंचीपर्यंत फरशी घेतली तर भिंती १४० चौरस फूट होतात. दरवाजाचे साधारण १७ वजा केले तर राहतात १२३. तुटफुटीचे दहा टक्के धरून १३५. एक १२ बाय १८ इंचाची फरशी दीड चौरस फूट असते, म्हणजे ९० नग. जमिनीला एक फुटी फरशी २७ नग. सगळ्या बॉक्सवरचा शेड नंबर एकच आहे का बघा. नंतर आणलेल्या बॉक्सचा रंग हटकून वेगळा पडतो.
- सिमेंट. हे मात्र फार आधी आणू नका. दमट हवेत गोणी दगड होते. लागेल तसं आणा.

दुकानदाराच्या बिलाचा, बॉक्सवरच्या शेड नंबरचा आणि सिमेंटच्या गोणीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाइप उघडे असताना भिंतीला मापाची टेप लावून फोटो काढा. पुढं खिळा कुठं मारायचा आणि कुठं नाही, हे त्या फोटोवरून कळतं.

काम कोणत्या महिन्यात काढायचं

पावसाळ्यात कोबा आणि कोटिंग लवकर वाळत नाही, रेती भिजलेली असते, शोषखड्डा पाण्याने भरलेला असतो. वर दिलेले दिवस तेव्हा सहज दीडपट होतात. एप्रिल-मेमध्ये उलट अडचण असते. प्लास्टर लवकर सुकतं आणि मारायला पाणी नसतं. ज्या गावात टँकर चालू होतो तिथं त्या दिवसांत हे काम काढूच नये.

दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. फक्त तेव्हा मिस्त्री मिळणं अवघड असतं. घरकुलांची कामं चालू असतात, ऊसपट्ट्यात मजूर तोडीला गेलेले असतात. म्हणून मिस्त्रीशी महिनाभर आधी बोलून ठेवा. वरच्या उदाहरणातलं लग्न मेमध्येच असेल आणि पाण्याची हमी नसेल, तर काम फेब्रुवारीतच उरकलेलं बरं.

मधल्या महिन्यात घर कसं चालवायचं

हा प्रश्न बहुतेक घरात पहिला दगड निघाल्यावर पडतो. तो आधी सोडवा.

बाथरूम आणि संडास वेगवेगळे असतील तर दोन्ही एकदम फोडू नका. आधी एक पूर्ण करा, मग दुसरं. दिवस वाढतील, पण घर अडणार नाही. अंघोळीसाठी परसात चार बांबू, ताडपत्री आणि खाली शहाबादी फरशी टाकून तात्पुरती न्हाणी करा. वर झाकलेलं, आतून कडी लागणारं आणि दिवा असलेलं हवं. पाणी केळीकडे किंवा नारळाकडे काढून द्या.

संडास एकच असेल तर शेजारी किंवा भावकीत आधी विचारा आणि किती दिवस लागतील ते खरं सांगा. ‘आठच दिवस’ म्हणून महिना काढला की संबंध बिघडतात. चालता न येणाऱ्या माणसासाठी मेडिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते. ती घेऊन ठेवा. आजारी किंवा दिवस गेलेलं माणूस घरात असेल तर महिनाभर त्यांना नातेवाइकांकडे ठेवणं जास्त सोयीचं. याबद्दल घरातल्या बायकांना आधी विचारा, कारण अडचण सगळ्यात जास्त त्यांची होते आणि तारीख मात्र बहुधा त्यांना न विचारता ठरते.

पैसे कामाच्या टप्प्यावर द्या

मिस्त्रीला उचल दिली नाही तर तो येत नाही आणि सगळे दिले तर परत येत नाही, असं गावात गमतीने म्हणतात. मधला मार्ग म्हणजे टप्पे ठरवणं. थोडी उचल सुरुवातीला, मग तोडफोड आणि पाइप झाल्यावर, पाणी भरून तपासणी पास झाल्यावर, फरशी झाल्यावर. शेवटचा छोटा हिस्सा आठ दिवस बाथरूम वापरून झाल्यावर. हे साध्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि फोटो व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवा.

सिमेंटला पाणी मारायच्या आठवड्यात मिस्त्री दुसरीकडे जाणार, हे धरून चला. त्याचं पोट त्यावर आहे. फक्त परत येण्याची तारीख त्याच्याकडून आधी घ्या आणि दोन दिवस आधी फोन करून आठवण द्या. त्याला हे सांगितलं की तुम्ही मधले दिवस स्वतःहून देताय, तर तोही दुसऱ्या कामाचा मेळ घालू शकतो आणि तुमच्या कामाला टांग मारत नाही.

एक शेवटची गोष्ट. स्वच्छ भारत अभियानातलं १२ हजार रुपयांचं प्रोत्साहन अनुदान हे शौचालय नसलेल्या पात्र कुटुंबाने नवं वैयक्तिक शौचालय बांधलं तर असतं. जुनं पाडून नवी फरशी लावण्यासाठी ते धरून बसू नका. “बसवून देतो” म्हणणारा कुणी भेटला तर आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

आज एवढंच करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, बाथरूम कोणत्या दिवशी वापरात हवं त्यावर खूण करा, आणि तिथून ३८ अधिक १५ दिवस मागं मोजा. जी तारीख येईल ती मिस्त्रीला सांगा. तो हसेल, म्हणेल एवढे कशाला. त्याला म्हणा, नऊ दिवस तुझे आहेत, बाकीचे सिमेंटचे आणि घराचे.